घोड्याचा पाय धरून उभा होतो

माझ्या नोकरीला वास होता, फॉर्मॅलिनचा. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, चिंचेनंही जात नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागला की मी ओळखायचो आणि हात मांडीखाली घ्यायचो.

एकतीस वर्षं मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. मुलं मामा म्हणायची. प्राध्यापक शिकवतात, मुलं शिकतात आणि या दोघांच्या मधे टेबलावर जे काही ठेवलेलं असतं ते आणून ठेवणारा माणूस म्हणजे मी. बेडूक मीच पकडायचो. साप, विंचू, वटवाघूळ, गोगलगाय बाटलीत घालून तिच्यावर चिठ्ठी मीच लावायचो. पण माझी खरी हातोटी सांगाड्यांची. हाडं साफ करायची, पांढरी करायची आणि बारीक तारेनं एकेक सांधा ओवायचा. हे काम मला कुणी शिकवलं नाही. बिडकीनला आमच्या घरी शेती होती, त्यामुळं मेलेलं जनावर बघून किळस येत नव्हती, एवढंच माझं शिक्षण.

गावाकडचे लोक आमच्याकडं काय काय घेऊन यायचे! एकदा बिडकीनहूनच एकानं दोन तोंडांचं वासरू आणलं. मेलेलंच जन्मलं होतं. "कालिजात बाटलीत ठिवतात म्हनं," म्हणाला. मोठी बरणी शोधून मी ते ठेवलं. पंधरा दिवसांत त्या बरणीला हळदकुंकू लागलेलं दिसलं. कॉलेजात झाडलोट करणारी म्हातारी रोज सकाळी वाहत होती. मी तिला म्हणालो, "आजी, हे अभ्यासाचं हाय." ती म्हणाली, "व्हय ना. तुमी अभ्यास करा, मी हात जोडते. त्याला काय अडचन हाय?"

तिला अडचण नव्हती, आणि मलाही तेव्हा नव्हती.

आमचं कॉलेज एका धार्मिक संस्थानाचं. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शननंतर इनाम जमिनींचं काय होणार या धास्तीत संस्थानानं आधी वसतिगृह काढलं, मग शाळा, मग कॉलेज. गाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही शहराच्या कडेला होतो. संस्थानाचे महाराज हेच अध्यक्ष. माझ्या आईनं त्यांच्या हातून माळ घेतली होती. माझी नोकरीही त्यांच्याच शब्दानं झाली. महाराजांवर माझी श्रद्धा होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की हा माणूस पहिल्यापासून मनात हसत होता. मी कधीच हसत नव्हतो.

दरवर्षी वर्धापनदिनाला महाराज सगळं कॉलेज फिरायचे. त्याच्या आदल्या दिवशी प्राचार्य मला सांगायचे, "काकडे, तो तक्ता." तो तक्ता म्हणजे माकडापासून माणूस दाखवणारा. मी तो काढून गुंडाळून कपाटावर ठेवायचो आणि त्याच खिळ्याला दशावताराचं चित्र लावायचो. मत्स्य, कूर्म, वराह. महाराज समोर उभे राहून म्हणायचे, "बघा, आपल्याकडं हे आधीच सांगितलंय." सगळे माना डोलवायचे. दुसऱ्या दिवशी दशावतार खाली, तक्ता वर. विभागप्रमुख खडके सर म्हणायचे, "एक दिवसाचा प्रश्न आहे, काकडे. एक दिवस सगळं सोसतं."

मग पैठणकर मॅडम आल्या आणि तो एक दिवसाचा प्रश्न राहिला नाही.

सुनंदा पैठणकर. वय असेल सव्वीस-सत्तावीस. वडील कारकुनी करून निवृत्त झालेले, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. घर हिच्या पगारावर. दोन वर्षांच्या मुदतीवर नेमणूक होती. त्या काळी असंच असायचं. दोन वर्षं काम बघायचं, ठीक वाटलं तर कायम करायचं, नाहीतर एका ओळीचं पत्र. मॅडमचा आवाज बारीक होता पण शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मला त्या कधी 'अरे' म्हणाल्या नाहीत. 'काकडे' आणि 'तुम्ही'. माझ्या तारकामाकडं त्या भिंग घेऊन बघायच्या. "ही वटवाघळाची बोटं तुम्ही जोडलीत? मला नसती जमली." अशी दाद मला आधी कुणी दिली नव्हती.

उत्क्रांती शिकवण्यासाठी त्यांनी माझ्याकडून एक संच करून घेतला. पुढच्या पायांचा. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, कबुतराचा पंख, बेडकाचा पाय आणि घोड्याचा पाय. माणसाचं हाड विकत आणलेलं होतं. घोडा मिळाला शहागंजातल्या एका टांगेवाल्याचा. मेला तेव्हा मी गेलो आणि एक पाय मागितला. त्यानं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, मग म्हणाला, "ले जाव भाई, मगर इज्जत से रखना. चौदा बरस इसके पाँवां की रोटी खाए हम." कॉलेजच्या मागं मी तो सहा महिने पुरून ठेवला, मग काढला, सोड्यात भिजवला, सावलीत वाळवला. पाचही अवयव एका फळीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा मी स्वतः चकित झालो. वरचं एक हाड, खाली दोन, कुठं सुटी तर कुठं चिकटलेली, मग मनगटाचे खडे, मग बोटं. घोड्याला एकच बोट, पण त्याच्या शेजारी दोन बारक्या काड्या उरलेल्या. पाच जनावरं, आणि मांडणी एकच.

"काकडे, दिसतंय का?" मॅडम म्हणाल्या.

"दिसतंय की."

"बस्स. मला एवढंच मुलांना दाखवायचंय."

त्यांच्या मुदतीच्या दुसऱ्या वर्षी संस्थानाच्या सचिवांनी एक परिपत्रक काढलं. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणायचे. संस्थानाचा कारभार खरा तेच चालवायचे. परिपत्रक असं होतं की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी संस्थानाची पुस्तिका वर्गात वाचायची आणि चाचणी परीक्षेत तिच्यावर एक प्रश्न घालायचा. पुस्तिका संस्थानातल्या शास्त्रीबुवांनी लिहिलेली. चौऱ्याऐंशी लक्ष योनी विधात्यानं वेगवेगळ्या घडवल्या, ज्याला जे काम त्याला तसा अवयव स्वतंत्र दिला, माणूस पहिल्यापासून माणूसच. शेवटी महाराजांची सही.

दशावताराच्या वेळी निदान असं होतं की आमचं आणि तुमचं एकच आहे. आता म्हणणं आलं की तुमचं खोटं आहे. खडके सरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. ते म्हणाले, "हा धडा पैठणकर मॅडमचा आहे." आणि खुर्ची खिडकीकडं फिरवली.

मॅडमनी परिपत्रक पाळलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं गावभर झालं की त्यांनी पुस्तिका फेकली. फेकली नाही. सगळ्यांना वाटली आणि एका मुलाकडून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. तास प्रयोगशाळेत होता. संचातल्या घोड्याच्या पायाची तार सैल झाली होती, फळीवर तो उभा राहीना. म्हणून मॅडम म्हणाल्या, "काकडे, जरा धरून उभं राहता?" मी राहिलो, त्यांच्यापासून दोन हातांवर.

वाचून झाल्यावर गोविंद उभा राहिला. हा संस्थानाच्या वसतिगृहातला मुलगा, वैजापूरकडचा. कपाळाला गंध, गळ्यात माळ, विसाव्या वर्षीच सुंदर प्रवचन करणारा. संस्थानानंच त्याला शास्त्र शाखेला घातलं होतं, पुढंमागं आपला माणूस कॉलेजात असावा म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, ह्यात लिहिलंय ज्याला जे काम तसा अवयव वेगळा घडवला. मग उडायचा पंख अन् पळायचा पाय आतून एकाच नकाशाचे कसे?"

खोचकपणा नव्हता त्याच्यात. त्याला खरंच अडलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पण मॅडम, पुस्तिकेवर महाराजांची सही आहे."

मॅडमनी एकदा दाराकडं बघितलं. मग जे बोलल्या ते शब्द मला आजही पाठ आहेत. "महाराजांबद्दल मला आदर आहे. पण सहीनं हाडांची मांडणी बदलत नाही. उद्या माझी सही केली तरी बदलणार नाही. चाचणीत पुस्तिकेतलं विचारलं तर पुस्तिकेतलं लिहा. मला विचाराल तर मी हाडं दाखवीन."

तास संपला, मुलं गेली. मॅडम फळीवरची हाडं आवरत होत्या. "जास्त बोलले का हो मी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाय मॅडम. बरोबर बोललात."

गोविंद उत्तर मिळाल्याच्या आनंदात वसतिगृहाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत सुटला. मॅडम काय म्हणाल्या, हाडं कशी दिसली. वाढपी, आचारी, शास्त्रीबुवांचे शिष्य यांच्या तोंडून ते फिरत फिरत अण्णासाहेबांपर्यंत पोचलं तेव्हा झालं होतं, 'पैठणकर मॅडम वर्गात म्हणाल्या, महाराजांच्या सहीला किंमत नाही, महाराज खोटं सांगतात.'

चार दिवसांनी मॅडमना खुलासा मागणारी नोटीस आली. त्यांनी एका पानात उत्तर दिलं. मी असं बोललेच नाही, जे बोलले ते असं, आणि शेवटी लिहिलं की प्रयोगशाळा सहायक श्री. काकडे त्या वेळी शेजारीच उभे होते, त्यांना विचारावं.

उत्तर दिल्यावर त्या मला सांगायला आल्या. मी मागच्या खोलीत बरण्या पुसत होतो. मागची खोली म्हणजे आमचं सामान ठेवायचं कोठार.

"काकडे, मी तुमचं नाव दिलंय. चालेल ना?"

"चालंल की मॅडम."

"जे ऐकलं तेवढंच सांगा. माझ्या बाजूनं जास्त काही नको."

"व्हय."

त्या गेल्या आणि मला घाम फुटला. हातातली पुसून झालेली बरणी मी परत पुसायला घेतली.

माझं काय पणाला होतं ते सांगतो. आम्ही राहत होतो संस्थानाच्या दोन खोल्यांत. माझ्या पदाची सरकारी मान्यता आली नव्हती. प्रस्ताव अण्णासाहेबांच्या टेबलावर होता, त्यांच्या सहीशिवाय तो हलणार नव्हता. मान्यता नाही म्हणजे उद्या 'येऊ नका' म्हणाले तर विचारायची सोय नाही. आई आजारी होती. आणि या सगळ्याच्या वर आणखी एक भीती होती, ती कुणाला सांगताही येत नव्हती. गुरूच्या पुस्तिकेविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे पाप तर नाही? हाडं मी माझ्या हातानं जोडली होती, मला ती दिसत होती. पण देवघरात बसलो की समोर महाराजांचा फोटो. मी नजर खाली घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. बसा म्हणाले. एरवी मला कधी बसा म्हणत नसत. "काकडे, तुम्ही साधे माणूस. या भानगडीत तुम्हाला ओढायला नको होतं त्यांनी. तुम्ही त्या वेळी मागच्या खोलीत असाल, नाही का? तुमचं काम तिथंच असतं." मग ते म्हणाले, "तुमच्या मान्यतेचं मी अण्णासाहेबांना आठवण करून देतो."

घरी बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली.

"तुमी खरंच ऐकलं का?"

"ऐकलं. दोन हातांवर होतो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्या शिकलेल्या हायेत. इथं नाय तर कुठंबी लागतील. आपल्याला कोन हाय?"

"पन मी त्यांना चालंल म्हनलो."

"मागल्या खोलीत व्हतो म्हना. निम्मा दिस तुमी तिथंच असता. लई खोटं थोडंच हाय ते?"

मॅडमच्या उत्तरावर चौकशी ठरली होती, तिला अजून पाच दिवस होते. ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवण जाईना. प्रयोगशाळेत कुणाच्या चपलांचा आवाज आला तरी मी मागच्या खोलीत शिरायचो. मॅडम नेहमीसारख्या यायच्या, तास घ्यायच्या, जाताना "येते, काकडे" म्हणायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण माझ्याकडं बघितलं की ती जरा कमी व्हायची. तेच मला सोसत नव्हतं. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारावं असं वाटायचं, म्हणजे मी सांगू तरी शकलो असतो की मला भीती वाटते. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. अण्णासाहेब, प्राचार्य, आणि मधल्या खुर्चीवर स्वतः महाराज. ते येतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली वाकून नमस्कार केला.

"काकडे, आई कशी आहे?" महाराजांनी विचारलं. अगदी मऊ आवाजात.

"बरी हाय महाराज. खोकला हाय जरा."

"मध-आलं देत जा. बरं, तू होतास ना त्या दिवशी तिथं?"

प्राचार्य टेबलावरच्या कागदाकडं बघत होते आणि अण्णासाहेब माझ्याकडं.

"जी... मी मागच्या खोलीत व्हतो महाराज. बरण्या पुसत व्हतो. मला कायबी ऐकू आलं नाय."

महाराज क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." टंकलिखित जबानी तयारच होती. मी सही केली. पुस्तिकेची बाजू राखायला गेलो आणि ज्याच्यावर श्रद्धा त्याच्याच तोंडावर खोटं बोललो. त्या क्षणी हे सुचलं नाही. सही करून दाराबाहेर पाय टाकला तेव्हा सुचलं.

बाहेर व्हरांड्यात गोविंद उभा होता. त्याला आत बोलावलं. खिडकीला जाळी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. मला तिथून निघता येईना.

अण्णासाहेबांनी विचारलं, "तूच पंगतीत सांगितलंस ना, महाराज खोटं बोलतात असं मॅडम म्हणाल्या म्हणून?"

"नाही. मी तसं सांगितलं नव्हतं," गोविंद म्हणाला. "त्या काय म्हणाल्या ते मी वहीत उतरून घेतलं होतं. वही आणलीय." आणि त्यानं वाचलं, शब्दन् शब्द. आदर आहे हेसुद्धा, आणि माझी सही केली तरी बदलणार नाही हेसुद्धा.

मग महाराजांचा आवाज आला. "त्या वेळी आणखी कोण होतं तिथं?"

"आम्ही अठरा मुलं होतो. अन् काकडेमामा होते. घोड्याचा पाय धरून उभे होते."

मी भिंतीला टेकलो. आता आत बोलावतील, आता विचारतील. सगळं अंग कान झालं होतं. पण कुणी बोलावलं नाही. थोड्या वेळानं दार उघडलं, महाराज बाहेर आले आणि माझ्या समोरून गेले. मी वाकलो. ते थांबले नाहीत.

मग रोज वाट बघत होतो बोलावणं येईल म्हणून. आलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलं. पण माझं खोटं त्यांच्या सोयीचं होतं, ते परत उकरून कोण काढणार? विसाव्या दिवशी मॅडमना एका ओळीचं पत्र मिळालं. मुदत संपते आहे, पुढं सेवेची आवश्यकता नाही. कारण काही नाही. आणि त्याच महिन्यात माझी मान्यता आली. महाराजांनी सगळं ऐकूनही काही का केलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांना विचारू शकलो नाही आणि पुढं ते गेले.

मॅडम शेवटच्या दिवशी आल्या. कपाटाची किल्ली दिली. संचाकडं एकदा बघितलं. "येते" म्हणाल्या. 'काकडे' म्हणाल्या नाहीत.

गोविंदला वसतिगृह सोडायला लावलं. तो उस्मानपुऱ्यात कुणाच्या तरी माडीवर राहायला गेला आणि दोन वेळा मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. मी त्याला घरी बोलावलं नाही. संस्थानाच्या खोल्यांत संस्थानानं काढलेला मुलगा कसा ठेवणार? निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

परीक्षा जवळ आली. आमच्याकडं प्रात्यक्षिकाची वही प्रमाणित व्हावी लागते. वर्षभर केलेल्या कामाची ती वही. तिच्यावर विभागप्रमुखाची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. प्राचार्यांचा निरोप आला की गोविंदची वही सध्या बाजूला ठेवा. मी ठेवली. दोन दिवस ती कपाटात पडून होती. तिसऱ्या दिवशी खडके सर सह्या करायला बसले तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला आणि गोविंदची वही मधोमध घातली. सर पानं उलटत सह्या करत होते. त्या वहीवर त्यांचा हात थांबला. नाव वाचलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काकडे, चष्मा जरा धुरकट झालाय माझा." आणि सही केली. मी गठ्ठा उचलून जवळजवळ पळतच बाहेर आलो. एकतीस वर्षांत मी केलेलं एवढंच एक धाडस, आणि तेही दुसऱ्याच्या चष्म्याच्या आडून.

गोविंद पास झाला. पुढं काय झालं ते मला निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. पुतणीच्या लग्नाला वैजापूरला गेलो होतो. मंडपात एक गृहस्थ "मामा!" म्हणत आले आणि पाया पडले. कपाळाला गंध, गळ्यात माळ तीच. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणाला. मला तोंड वर करवेना.

"मला वाटलं, तू माळ काढली असशील," मी म्हणालो.

"ती कशाला काढू मामा? सकाळी पूजा करतो, अकरा वाजता उत्क्रांती शिकवतो. पोरं विचारतात, सर, दोन्ही कसं काय? मी म्हणतो, मलाबी अजून पुरतं जुळलं नाय. पण वर्गात हाड दाखवीन तेव्हा हाडच सांगीन."

मग त्यानं सहज विचारलं, "मॅडमना भेटला का कधी? परभणीला असतात. मी दिवाळीला जातो."

मॅडमना पुन्हा कॉलेज मिळालं नव्हतं. संस्थानानं कायम केलं नाही, ही गोष्ट त्यांच्या आधी प्रत्येक मुलाखतीला पोचायची. शेवटी परभणीच्या एका शाळेत लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. म्हणजे सुमनचं 'कुठंबी लागतील' हे खोटं ठरलं होतं.

महिनाभर घालवला आणि मग एका सकाळी एसटीनं परभणीला गेलो. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, आवाज तोच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"काकडे! या."

बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "मॅडम, मी मागच्या खोलीत नव्हतो."

"माहीत आहे."

"मी घाबरलो व्हतो."

"तेही माहीत आहे. मीसुद्धा घाबरले होते. पण घरी वडिलांना सांगितलं होतं, काळजी करू नका, काकडे आहेत."

मी रडलो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. त्यांनी पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माफ केलं म्हणाले तर तुम्ही हलके होऊन जाल आणि मी मात्र खोटं बोललेली राहीन. फार राग केला मी तुमचा, काकडे. अण्णासाहेबांचा केला नाही एवढा. अजूनही आहे थोडा. तेव्हा ते राहू द्या. जेवून जा."

मी जेवलो. त्यांनी वरण वाढलं, गोविंदच्या मुलीचं कौतुक सांगितलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या."

घरी येऊन सुमनला जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती.

"मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"मी दाखवलं तसंच."

तिनं उरलेली जुडी निवडून पुरी केली, हात धुतले आणि विचारलं, "परभनीची पयली गाडी कितीला असती?"